मीठ आणि शब्द : के रेडफील्ड जॅमिसन यांच्या दोन ग्रंथांच्या निमित्ताने

मनाच्या व्याधींविषयी बोलणे निघाले की आपल्या समाजात एक वाक्य हमखास कानी पडते : 'गोळ्यांऐवजी बोलून बरे होता आले तर किती चांगले!' या वाक्यामागील भावना आम्हांस कळते. गोळ्यांनी हात थरथरतो, वजन वाढते, तोंडाला कोरड पडते. शिवाय औषधाची पुडी घरात दिसली की शेजारीपाजारी कुजबुजू लागतात. बोलण्यात मात्र माणसाचा मान राखला जातो. समोर कोणी ऐकणारे बसले आहे, आपल्या दुःखाला काही आरंभ आहे, काही कारण आहे, या जाणिवेनेच ओझे थोडे हलके होते. हे सारे मान्य करूनही त्या वाक्यातील 'ऐवजी' हे शब्दयोगी अव्यय आम्हांस खटकते. एवढ्याशा अव्ययावर माणसाचे प्राण अवलंबून असू शकतात, हे ज्या लेखिकेने स्वानुभवाने लिहून ठेवले, त्यांच्या दोन ग्रंथांचा परामर्श आम्ही येथे घेणार आहोत.

के रेडफील्ड जॅमिसन या अमेरिकन विदुषी. जन्म १९४६ चा. वडील हवाई दलात हवामानशास्त्रज्ञ होते. जॅमिसन यांनी मानसशास्त्राचे शिक्षण लॉस एंजेलिस येथे घेतले व पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अध्यापन केले. फ्रेडरिक गुडविन यांच्यासह त्यांनी १९९० साली लिहिलेला 'मॅनिक-डिप्रेसिव्ह इलनेस' हा ग्रंथ त्या विषयावरील प्रमाणग्रंथ मानला जातो. पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांचे 'ॲन अनक्वाएट माइंड' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि ज्या व्याधीवर आपण अधिकारवाणीने लिहितो ती व्याधी आपल्यालाच आहे, हे त्यांनी जगासमोर मांडले. अध्यापन आणि रुग्णसेवा करणाऱ्या व्यक्तीसाठी हे धाडस लहान नव्हते. दुसरा ग्रंथ 'फायर्स इन द डार्क' हा २०२३ चा. दोहोंमध्ये अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. पण दुसरा ग्रंथ पहिल्यातील एका अपुऱ्या राहिलेल्या प्रकरणाची पूर्ती आहे, असे आमचे मत आहे.

व्याधीचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. नैराश्य हा विकार म्हणजे चार दिवसांची खिन्नता नव्हे. झोप, भूक, एकाग्रता, जगण्याची ओढ, सारे आठवडेच्या आठवडे ओसरत जाते. द्विध्रुवीय विकारात, ज्यास सर्वत्र 'बायपोलर' म्हणतात, याच नैराश्याच्या जोडीला दुसरे टोक असते ते उन्मादाचे. त्या काळात माणसाला झोपेची गरज वाटत नाही, विचार धावू लागतात, पैसा पाण्यासारखा वाहतो आणि आपल्याला काही झाले आहे हेच त्याला पटत नाही. दोन्ही विकारांतील नैराश्य बाहेरून सारखेच दिसते. उपचारांची दिशा मात्र वेगळी असते. कारण द्विध्रुवीय विकारात केवळ नैराश्यविरोधी गोळी दिली तर काही रुग्णांत उन्माद उसळू शकतो. म्हणून 'औषध की संवाद' या प्रश्नाच्या आधी 'कोणता विकार' हा प्रश्न विचारावा लागतो. लोकव्यवहारात नेमका हाच क्रम उलटा होतो.

१९७४ साली जॅमिसन विद्यापीठात प्राध्यापिका म्हणून रुजू झाल्या आणि तीनच महिन्यांत उन्मादाने त्यांना गाठले. या काळाचे वर्णन पहिल्या ग्रंथातील सर्वांत जिवंत भाग आहे. सर्पदंशावरील औषधांचे बारा संच त्यांनी तातडीची निकड म्हणून विकत घेतले. 'पेंग्विन' प्रकाशनाची वीस पुस्तके घेतली, कारण पेंग्विन पक्ष्यांना एकत्र वसाहत करता यावी! वाचक हसतो आणि लगेच थबकतो. पुढे बिलांचा ढीग साचतो व अर्थशास्त्रज्ञ भाऊ येऊन बहिणीशेजारी बसून एकेक कागद उलगडतो, स्वतः कर्ज काढून ती देणी भागवतो. आजाराचा हिशेब कोणाच्या माथी येतो हे या प्रसंगाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच वाचावयास मिळते.

तरीही लेखिका उन्मादाला केवळ राक्षस म्हणून रंगवीत नाही. आपण शनीच्या कड्यांजवळून तरंगत गेलो, हा अनुभव त्यांना खराच वाटला होता. आणि बरे झाल्यावर त्या अनुभवाची हुरहुर उरली, हेही त्या लपवीत नाहीत. समीक्षक म्हणून आम्हांस हे या लेखनाचे मोठे बळ वाटते. उन्माद मोहक नसता तर त्यावरील औषध नाकारणारा रुग्ण निव्वळ मूर्ख ठरला असता. येथे वाचकालाच क्षणभर मोह पडतो आणि मग रुग्णाचा हट्ट त्याला आतून समजतो.

हे औषध म्हणजे लिथियम, एक साधे लवण. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली उन्मादावरील त्याचा परिणाम नोंदवला व अमेरिकेत १९७० साली त्यास मान्यता मिळाली. जॅमिसन यांना त्याने स्थैर्य दिले, परंतु फार मोठी किंमत घेऊन. मळमळ, हातांना कंप, आणि ग्रंथांवर जगणाऱ्या या बाईंना दहा वर्षांहून अधिक काळ एखादे गंभीर पुस्तक सलग वाचून संपवता येईना. (पुढे मात्रा कमी केल्यावर वाचन परतले.) त्यांनी गोळ्या पुनःपुन्हा सोडल्या. प्रत्येक वेळी व्याधी परतली आणि अखेर एका दीर्घ नैराश्यात त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यातून त्या वाचल्या. मानसशास्त्राची पदवीधर जाणकार व्यक्ती असे वागते, मग आपल्या धर्मग्रामातील एखादा तरुण 'आता मला बरे वाटते' म्हणून गोळी बंद करतो, त्यात नवल ते काय?

आता मूळ मुद्दा. जॅमिसन यांचा निष्कर्ष असा की, लिथियमने त्यांना जिवंत ठेवले. परंतु बरे केले ते संवादातून होणाऱ्या उपचाराने, ज्यास 'सायकोथेरपी' म्हणतात त्याने. दोन्ही क्रियापदे निरनिराळी आहेत आणि लेखिका ती जाणूनबुजून निरनिराळी ठेवते. औषध लाट अडवते. परंतु उन्मादात घडलेल्या गोष्टींची शरम, मोडलेली नाती, पुढचा झटका कधी येईल याची धास्ती, आजचा आनंद हा खरा आनंद की आजाराची चाहूल, ही शंका, यांतील कशावरही गोळी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गोळी का घ्यावी हे गोळी सांगू शकत नाही. ते काम आठवड्यामागून आठवडे समोर बसून ऐकणाऱ्या डॉक्टरांनी केले. येथे शब्दाने औषधाची जागा घेतलेली नाही. शब्दाने औषधाला जागा करून दिली आहे.

या ग्रंथाच्या दोन उणिवा मात्र नोंदवल्या पाहिजेत. पहिली अशी की, संवादोपचाराने बरे केले असे लेखिका सांगते, परंतु त्या खोलीत काय बोलणे झाले ते फारसे दाखवीत नाही. उन्माद आपण पाहतो, नैराश्य पाहतो, बरे होणे मात्र बरेचसे विश्वासावर घ्यावे लागते. दुसरी उणीव शेवटच्या भागात आहे. निवड करण्याची संधी मिळाली तर हा आजार आपण स्वीकारू का, या प्रश्नाला त्या होकारार्थी उत्तर देतात. त्यास लिथियम उपलब्ध असण्याची अट आहे, तीही त्या स्पष्टपणे घालतात. तथापि घाईचा वाचक अट विसरतो आणि होकार तेवढा लक्षात ठेवतो. व्याधीला प्रतिभेचा मुकुट चढवण्याची हौस साहित्यप्रेमी मंडळींत मूळचीच आहे. तिला येथे नकळत खतपाणी मिळते. शिवाय कर्ज काढणारा भाऊ आणि सांभाळून घेणारे सहकारी प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत.

'ऐवजी'चा आग्रह संपूर्णपणे धरला तर काय होते, याचे उदाहरण त्याच देशात घडले आहे. १९७९ साली ओशेरॉफ नावाचे एक मूत्रपिंडतज्ज्ञ मेरीलँड राज्यातील 'चेस्टनट लॉज' या नामांकित रुग्णालयात तीव्र नैराश्याने दाखल झाले. तेथील परंपरा मनोविश्लेषणाची. सुमारे सात महिने त्यांच्याशी बोलणे झाले, औषध दिले गेले नाही, आणि त्यांची प्रकृती ढासळत गेली. कुटुंबीयांनी त्यांना दुसऱ्या रुग्णालयात हलवले. तेथे औषधे सुरू झाली आणि तीन महिन्यांत ते घरी परतले. त्यांनी १९८२ मध्ये पहिल्या रुग्णालयावर दावा लावला. पुढे तो तडजोडीने मिटला. या प्रकरणात औषधाच्या बाजूने ज्यांनी जोरदार मांडणी केली ते जेराल्ड क्लेरमन स्वतः संवादोपचाराच्या एका मान्य पद्धतीचे सहनिर्माते होते, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे. त्यांचा विरोध शब्दाला नव्हता. सिद्ध झालेले औषध रोखून धरण्याला होता.

परंतु कथा येथे संपवली तर तोही पक्षपात ठरेल. रेचल अव्हिव्ह यांनी 'स्ट्रेंजर्स टु अवरसेल्व्ह्ज' (२०२२) या ग्रंथात याच डॉक्टरांचे उत्तरायुष्य मांडले आहे. औषधाने ते उठून उभे राहिले खरे. पण तुटलेला संसार आणि गमावलेला व्यवसाय जुळला नाही, आणि ते पुढे कित्येक वर्षे आपलीच कहाणी पुनःपुन्हा लिहीत बसले. गोळीने लक्षणे गेली. 'माझ्या आयुष्याचे हे काय झाले?' हा प्रश्न तसाच राहिला. जॅमिसन यांची दोन क्रियापदे येथे उलट बाजूने खरी ठरतात.

संशोधनाचा निर्वाळा काय आहे? सौम्य वा मध्यम नैराश्यात संवादोपचार औषधाच्या तोडीचा ठरू शकतो आणि तेथे 'ऐवजी' हा शब्द वैद्यकाच्या सल्ल्याने रास्तपणे वापरता येतो. ॲरन बेक यांनी रचलेल्या पद्धतीत रुग्ण आपल्या मनात आपोआप उठणारे 'मी निरुपयोगी आहे' यांसारखे निवाडे टिपून ठेवतो व साक्षीपुराव्याने तपासतो. हॉलन आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा अभ्यास मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांचा होता. उपचारांनी सुधारलेल्या रुग्णांपैकी ज्यांनी ही पद्धत आत्मसात केली होती, त्यांच्यातील सुमारे ३१ टक्के रुग्णांना उपचार थांबल्यावर वर्षभरात आजार उलटला. नुसत्या औषधाने सुधारून मग औषध थांबवलेल्यांत हे प्रमाण ७६ टक्के होते. शिकलेली गोष्ट उपचार संपल्यावरही सोबत राहते, हाच याचा अर्थ.

द्विध्रुवीय विकारात मात्र चित्र निराळे आहे. २००७ साली मिक्लोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांवर औषधोपचार चालू होते. ज्यांना त्याजोडीला सखोल संवादोपचार मिळाला त्यांतील ६४ टक्क्यांहून अधिक रुग्ण वर्षअखेर नैराश्यातून बाहेर आले. ज्यांना थोडक्यात मार्गदर्शन मिळाले त्यांतील सुमारे ५२ टक्के. शब्दाने फरक पडला, तो औषधाच्या सोबतीने. या संवादोपचाराच्या एका प्रकारात, जो एलन फ्रँक यांनी विकसित केला, उठणे, जेवणे, माणसांत मिसळणे आणि झोपणे यांच्या वेळा बांधून घेण्यावर भर असतो; कारण झोपेची लय मोडली की उन्मादाला दार उघडे होते. कौटुंबिक पद्धतीत घरच्यांना आजाराची पूर्वचिन्हे ओळखावयास आणि टोचून न बोलावयास शिकवतात. लिथियम एकाएकी बंद केल्यास झटका परतण्याचा धोका वाढतो, हेही आता सुविदित आहे.

आता दुसऱ्या ग्रंथाकडे. 'फायर्स इन द डार्क'चा विषयच मुळी उपचार करणारी माणसे हा आहे. त्याच्या केंद्रस्थानी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स आहेत. भारतीय वाचकाला त्यांचे नाव दुसऱ्या कारणाने परिचित असेल. निलगिरीतील तोडा जमातीवरील त्यांचा १९०६ सालचा ग्रंथ मानववंशशास्त्रात मान्यता पावला आहे. पहिल्या महायुद्धात एडिनबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात ते युद्धाने खचलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करीत. १९१७ साली तेथे आलेला त्यांचा प्रसिद्ध रुग्ण म्हणजे कवी सिगफ्रीड ससून, जो पुढे १९५७ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत आला.

रिव्हर्स यांच्या पद्धतीचे मर्म १९१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या लेखात दिसते. एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न शरीर पाहावे लागले होते. 'विसरून जा' असा सल्ला त्याला सर्वांनी दिला होता आणि रोज रात्री ते दृश्य स्वप्नात येत होते. रिव्हर्स यांनी विसरावयास सांगितले नाही. देहाची ती अवस्थाच सांगते की मृत्यू तत्क्षणी आला, मित्राला यातना झाल्या नाहीत, एवढेच त्यांनी दाखवून दिले. दृश्य तेच राहिले, त्याचा अर्थ पालटला, आणि रुग्णाला ते सहन करता येऊ लागले. पहिल्या ग्रंथात जी खोली बंद होती तिचे दार असे उघडते. मात्र त्याच लेखात रिव्हर्स यांनी असाही रुग्ण नोंदवला आहे, ज्याच्या अनुभवात आधार देणारे असे काहीच सापडले नाही. शब्दाच्या मर्यादेची ही प्रामाणिक कबुली आम्हांस त्यांच्या यशाइतकीच मोलाची वाटते.

या दुसऱ्या ग्रंथाविषयी आमचा आक्षेप असा की, युद्धाच्या आघाताने खचलेला सैनिक आणि द्विध्रुवीय विकाराचा रुग्ण यांत जे अंतर आहे ते वाचकाच्या मनात पुसट होण्याचा संभव आहे. रिव्हर्स यांच्या हाती त्या दुखण्यावर औषध नव्हतेच; त्यांचा शब्द कोणत्याही औषधाच्या 'ऐवजी' नव्हता. शिवाय ग्रंथ शूरांच्या आणि कलावंतांच्या कथांत रमतो. ज्याने काही पराक्रम केला नाही, कविता लिहिली नाही, केवळ कसाबसा दिवस ढकलला, त्याला या पानांत थोडीच जागा मिळाली आहे.

व्याधीच्या नावाचा प्रश्नही जॅमिसन उपस्थित करतात. 'बायपोलर' या गुळगुळीत शब्दापेक्षा त्यांना जुनी 'मॅनिक-डिप्रेसिव्ह' ही संज्ञा जवळची वाटते. विल्यम स्टायरन या कादंबरीकारानेही 'डार्कनेस व्हिजिबल' (१९९०) या आत्मकथनात 'डिप्रेशन' हा शब्द या यातनेपुढे फारच मिळमिळीत असल्याची तक्रार केली आहे. मराठीत खिन्नता, विषाद, नैराश्य असे शब्द आहेत. पण व्यवहारात आपण म्हणतो, 'आळस आलाय त्याला', 'मनाला लावून घेतलंय तिनं'. ख्रिस्ती परंपरेतही हे घडले आहे. चौथ्या शतकात वाळवंटातील तपस्वी एवाग्रियस याने ज्या मरगळीचे 'अकेदिया' या नावाने बारीक वर्णन केले, तिचे सात प्रमुख पातकांच्या यादीत येईपर्यंत 'आळस' असे रूप झाले. अकेदिया म्हणजे आजचे नैराश्य असे आम्ही म्हणत नाही. परंतु चुकीचा शब्द दुखण्याला दोष बनवतो, एवढे यावरून दिसते.

म्हणूनच आमच्यासारख्या धर्मगुरूंनी या ग्रंथांतून एक गोष्ट घ्यावी असे वाटते. पापनिवेदनाच्या वेळी आम्ही ऐकतो आणि मानसोपचारतज्ज्ञही ऐकतो. दोघांनाही गुप्तता पाळावयाची असते. तेवढ्याने दोन्ही कामे एक होत नाहीत. तेथे अपराधाला क्षमा मिळते, येथे दुखण्याला अर्थ मिळतो. जे दुखणे आहे त्याला क्षमा देऊ केली तर आपण ते अपराध असल्याचेच सुचवतो. प्रार्थना रुग्णाला बळ देते. ती गोळीच्या 'ऐवजी' दिली जाऊ नये. गोळी कमी करणे वा थांबवणे हा अधिकार डॉक्टरांचा, तोही रुग्णाशी बोलून.

आणखी एक बाब या दोन्ही ग्रंथांच्या कक्षेबाहेर राहिली आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील द्विध्रुवीय विकाराच्या सुमारे सत्तर टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले होते. ज्यांना मिळतात त्यांतील बहुतेकांच्या हाती चिठ्ठी पडते आणि पुढचा रुग्ण आत येतो. लिथियम स्वस्त आहे. ऐकणाऱ्याचा एक तास महाग आहे, आणि तो आपल्या भाषेत मिळणे त्याहून दुर्मीळ. म्हणजे श्रीमंत 'गोळ्यांऐवजी शब्द' मागतो तेव्हा गरिबाला शब्दांऐवजी गोळ्या मिळालेल्या असतात. दोन्हींकडे 'ऐवजी' आहे आणि दोन्हींकडे माणूस अर्धाच बरा होतो.

जॅमिसन यांचा पहिला ग्रंथ प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने वाचावा अशी आमची शिफारस आहे. दुसरा समुपदेशन करणाऱ्यांनी, धर्मभगिनींनी आणि आम्हां धर्मगुरूंनी सावकाश वाचावा. पहिला वाचताना लिथियमची अट विसरू नये आणि दुसरा वाचताना रिव्हर्स यांचा तो दुसरा रुग्ण विसरू नये. ज्या घरात आजार आहे त्या घराने पुस्तक वाचून संपण्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. शासनाच्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. मिठावाचून अन्न नासते आणि नुसते मीठ खाऊन कोणी जगत नाही, हे आपल्या आयाबहिणींना स्वयंपाकघरात कधीपासून ठाऊक आहे. मनाच्या आजारातही तेच लागू आहे.